नंबर लावला, पेशंट आलाच नाही
दवाखान्याच्या वहीतील गळती आणि तिचा बंदोबस्त

दुकानात गिऱ्हाईक आले नाही तर माल फळीवर राहतो, उद्या विकला जातो. डॉक्टरचा माल म्हणजे वेळ. अकरा वाजताची वेळ साडेअकराला विकता येत नाही. शिंपी, सुतार, गॅरेजवाला, चष्मेवाला, दातांचा डॉक्टर या सर्वांचा धंदा वेळेवर चालतो, म्हणून हा प्रश्न केवळ दवाखान्याचा नाही. आपल्या समाजातील अनेक मुले आता डॉक्टर होऊन बुलढाणा, खामगाव, मलकापूर, चिखली येथे दवाखाने थाटत आहेत. औषधाचे ज्ञान त्यांच्याकडे असते. वहीचा हिशेब मात्र कॉलेजात फारसा शिकवला जात नाही.

नुकसान नेमके किती?

उदाहरणादाखल धरू की दिवसाला ४० नंबर लागतात, त्यातील ८ येत नाहीत आणि फी २०० रुपये आहे. वरवर पाहता रोजचे १६०० आणि पंचवीस दिवसांचे ४० हजार रुपये बुडाले. पण हा हिशेब पुरा नाही. साध्या तपासणीच्या दवाखान्यात नंबर न लावता येणारे पेशंट असतात, ते रिकामी जागा भरून काढतात. तेथे तोटा थोडा आणि गोंधळ जास्त. दातांचा डॉक्टर, सोनोग्राफी, मोतीबिंदूचे ऑपरेशन किंवा ठराविक वारी बाहेरगावाहून येणारा तज्ज्ञ यांची गोष्ट निराळी. तेथे अर्धा तास गेला की गेलाच. म्हणून आपला धंदा कोणत्या जातीचा आहे, हे आधी ओळखावे आणि मग नियम करावेत.

पेशंट का येत नाही?

बेपर्वाई हे एकच कारण नव्हे. रूट कॅनालच्या पहिल्या खेपेला ठणका थांबतो, मग दुसऱ्या खेपेला कोण येतो? बुलढाणा शहराला रेल्वे नाही. घाटाखालच्या माणसाला एस.टी.वर किंवा काळीपिवळीवर भिस्त ठेवावी लागते. सोयाबीनची सोंगणी, कापसाची वेचणी सुरू झाली की मजुरी सोडून येणे परवडत नाही. सैलानी बाबांच्या दर्ग्यावर होळीच्या सुमारास यात्रा भरते, तेव्हा त्या बाजूच्या गाड्या भरून वाहतात.

आणखी एक कारण व्यापाऱ्यांना चांगले ठाऊक आहे. ज्याच्याकडे उधारी थकली तो दुकानासमोरून जाणे टाळतो. पेशंटचेही तसेच असते. मागची फी बाकी आहे, पथ्य पाळले नाही, डॉक्टर रागावतील, या धास्तीने तो घरी बसतो. अशा माणसाला चारचौघांत सुनावले तर तो कायमचा तुटतो.

काय करावे?

पहिली गोष्ट वहीची. नाव, मोबाईल, दिलेली वेळ, आला की नाही आणि न येण्याचे कारण, एवढे पाच रकाने महिनाभर भरावेत. गळती कोणत्या वारी, कोणत्या वेळी होते ते आपोआप दिसेल.

दुसरी गोष्ट आठवणीची. आदल्या संध्याकाळी फोन किंवा संदेश करावा. मोबाईलवरील आठवणीमुळे पेशंटची हजेरी वाढते, आणि संदेशाचा परिणाम जवळपास फोनइतकाच होतो, असे कॉक्रेन संस्थेच्या २०१३ च्या आढाव्यात दिसून आले. ज्याला वाचता येत नाही त्याला मात्र फोनच करावा, आणि तोही त्याच्या बोलीत. फोन घरातील दुसऱ्याने घेतला तर आजाराचे नाव काढू नये. पेशंटचा आजार ही डॉक्टरपाशी ठेवलेली अमानत आहे.

तिसरी गोष्ट रद्द करण्याच्या सोयीची. "येणे जमत नाही" हे सांगायला फोन केला आणि कोणी उचललाच नाही, तर दोष कोणाचा? असा फोन आला की कंपाउंडरने आभार मानावेत, नवी तारीख द्यावी आणि लवकर नंबर हवा असलेल्यांच्या यादीतून एकाला बोलवावे.

चौथी गोष्ट वेळापत्रकाची. इंग्लंडमध्ये १९५२ साली नॉर्मन बेली आणि वेल्च यांनी इस्पितळातील रांगांचा अभ्यास करून एक साधा नियम सुचवला. सुरुवातीला दोन पेशंट एकदम बोलवावेत आणि पुढच्यांना सरासरी तपासणीस लागतो तेवढ्या अंतराने. एखादा चुकला तरी डॉक्टर रिकामा बसत नाही आणि बाकीचे ताटकळत नाहीत. जुम्याच्या नमाजची वेळ, रमजानमधील इफ्तार, गावचा बाजार हे पाहून तास आखावेत. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो, तेव्हा मागच्या वर्षीचे वेळापत्रक जसेच्या तसे चालत नाही.

बयाणा जप्त करावा का?

लांब वेळेच्या कामासाठी आगाऊ रक्कम घ्यावी आणि न आल्यास ती ठेवून घ्यावी, असा सल्ला अनेक जण देतात. येथे जपून पाऊल टाकावे. सौदा मोडल्यास बयाणा जप्त करणे हनफी, मालिकी आणि शाफई फिकहमध्ये जायज मानलेले नाही. हंबली मतानुसार त्यास परवानगी आहे. इस्लामी परिषद संघटनेच्या फिकह अकादमीने १९९३ साली ब्रुनेई येथील बैठकीत मुदत ठरलेली असल्यास तो मान्य केला. हे मत खरेदी-विक्रीच्या सौद्याचे आहे. दवाखान्याला ते कसे लागू होते, हे आपल्या मुफ्तींना विचारावे. देशाच्या कायद्याचा कल पाहिला तरी, १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७४ नुसार करार मोडल्यास वाजवी भरपाईच मिळते, मनमानी दंड नव्हे. वादापेक्षा सोपा मार्ग असा की आगाऊ रक्कम पुढच्या तारखेला वळती करावी. फी दर्शनी फलकावर लावावी हा तर वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांतीलच दंडक आहे. मागची बाकी असली तरी तातडीच्या पेशंटला परत पाठवू नये, हे सांगायला नकोच.

जेथे पैशांचा प्रश्नच नाही

काही गैरहजेऱ्या गल्ल्याला लागत नाहीत, जिवाला लागतात. क्षयरोगाचा साधा उपचारही किमान सहा महिने चालतो. मध्येच औषध सोडले तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात आणि घरातल्यांनाही धोका पोहोचतो. म्हणूनच सरकारी कार्यक्रमात पेशंट आला नाही तर कर्मचारी त्याच्या घरी जातो. पोषणासाठीची महिना ५०० रुपयांची मदतही नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये झाली. गरोदर बाई, साखरेचा किंवा रक्तदाबाचा पेशंट, टाके घातलेला कारागीर यांच्या नावापुढे वहीत लाल खूण करावी. ते आले नाहीत तर त्याच दिवशी विचारपूस व्हावी. खाजगी दवाखान्यालाही एका फोनपेक्षा जास्त खर्च नाही.

शेवटी एक गोष्ट दोन्ही बाजूंना सांगितली पाहिजे. कुरआनमधील सूरह माइदाच्या पहिल्याच आयतीत करार पाळण्याचा हुकूम आहे. दिलेली वेळ हाही करारच. दहाची वेळ देऊन बाराला येणाऱ्या डॉक्टरने पेशंटकडून वक्तशीरपणाची अपेक्षा कोणत्या तोंडाने करावी? ईदचे कपडे चाँदरातीपर्यंत लटकवणाऱ्या शिंप्यालाही हाच सवाल आहे. ज्याच्या दारी शब्दाला किंमत असते, त्याच्या दारी गिऱ्हाईकही शब्द पाळायला शिकते.