मुलगा कॅनडाला निघाला, पण गाडीचे काय?

ऑगस्ट जवळ आला की टिळकवाडीतल्या आमच्या घरी फोन सुरू होतात. कोणाचा मुलगा टोरंटोला निघालेला असतो, कोणाची मुलगी विनिपेगला. मी विनिपेगमध्ये सोळा हिवाळे काढून 2019 साली बेळगावला परतले, त्यामुळे थंडीच्या बाबतीत माझा शब्द प्रमाण मानायची गल्लीत पद्धतच पडली आहे. आया विचारतात, स्वेटर किती द्यायचे, मेतकूट नेऊ देतात का, कुकर इथूनच न्यावा का. वडील मंडळी फी आणि डॉलरचे बोलतात. गाडीविषयी मात्र कोणी विचारत नाही, आणि माझ्या मते खरे विचारायचे ते तेच. ही मुले पहिल्याच वर्षी चौघांत मिळून एखादी जुनी गाडी घेतात. नोव्हेंबरात बर्फ पडू लागतो. चोर्ला घाटात भर पावसात गाडी चालवलेली असल्यामुळे ‘आपल्याला येते’ असा त्यांचा ठाम समज असतो.

चोर्ल्याचा सराव अगदीच फुकट जात नाही. उतारावर ब्रेक दाबून न धरता गाडी खालच्या गिअरवर उतरवायची, हे आपल्याकडचा कोणताही जुना ट्रकवाला सांगेल, आणि बर्फातही ते खरेच आहे. फक्त तिथे गिअरसुद्धा हळुवार बदलावा लागतो. झटका बसला की चाकाची पकड सुटते. बर्फात स्टिअरिंग, ब्रेक, अॅक्सिलरेटर सगळेच असे हाताळायचे, जणू मांडीवर काठोकाठ भरलेले आमटीचे पातेले आहे.

पण आधी गाडीची तयारी, आणि ती बर्फ पडल्यावर नव्हे, ऑक्टोबरात. पहिला बर्फ पडला की सगळे शहर एकाच दिवशी टायरवाल्याकडे धावते आणि नंबर लागायला दोन-दोन आठवडे जातात. आपल्या मुलांना टायर बदलणे ही चैन वाटते. ‘ऑल सीझन’ असे लिहिलेय ना, मग झाले! तसे नसते. साधारण 7 अंशांखाली नेहमीच्या टायरचे रबर कडक होत जाते आणि त्याची पकड कमी होते. विंटर टायरचे रबर थंडीतही मऊ राहते. 1934 साली फिनलंडमध्ये ट्रकसाठी असा पहिला टायर निघाला; पुढे तीच कंपनी नोकियन नावाने प्रसिद्ध झाली. क्वेबेक प्रांतात 1 डिसेंबर ते 15 मार्च असे टायर कायद्यानेच सक्तीचे आहेत. मॅनिटोबात, म्हणजे विनिपेगच्या प्रांतात, सक्ती नाही, आणि म्हणूनच तिथे जास्त सांगावे लागते.

टायर घेताना बाजूला तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असे चिन्ह आहे का ते पाहावे. नुसत्या ‘एम प्लस एस’ या अक्षरांवर विसंबू नये. ती फक्त नक्षीविषयी सांगतात, रबराविषयी नाही. चारही टायर बदलावेत. पैसे वाचवायला मुले पुढचे दोनच बदलतात, आणि मग वळणावर गाडीचा मागचा भाग भोवऱ्यासारखा फिरतो. जुने टायर घ्यायचे असतील तर बाजूवरचा चार आकडी शिक्का वाचायला शिकावे: 3518 म्हणजे 2018 सालचा पस्तिसावा आठवडा. आणि थंडी पडली की टायरमधली हवा आपोआप उतरते. तापमान साडेपाच अंशांनी घसरले की साधारण एक पौंड कमी. ऑक्टोबरात नीट भरलेला टायर जानेवारीत अर्धपोटी असतो.

बॅटरीचे दुखणे यापेक्षा मोठे. उणे 18 अंशांना बॅटरीची ताकद निम्म्याहून कमी होते, आणि नेमके त्याच वेळी घट्ट झालेले ऑइल इंजिनला फिरू देत नाही. विनिपेगमध्ये जानेवारीतले किमान तापमान सरासरीच उणे 20 च्या आसपास असते. उणे 30 ची सकाळ आली तर कोणी बातमी म्हणून सांगत नाही. म्हणून तिथल्या गाड्यांच्या नाकातून एक वायर लोंबत असते. नवा माणूस बुचकळ्यात पडतो, पेट्रोलच्या गाडीला प्लग कशाला? तो ब्लॉक हीटर. इंजिनला चिकटलेली ही शेगडी तीन-चार तास आधी लावायची, म्हणजे सकाळी गाडी बिनतक्रार चालू होते. घर भाड्याने घेतानाच पार्किंगजवळ विजेचा प्लग आहे का ते विचारावे. खोली थोडी लहान चालेल.

कूलंट निम्मे आणि पाणी निम्मे, हे प्रमाण साधारण उणे 37 पर्यंत गोठत नाही. गंमत अशी की निव्वळ कूलंट ओतले तर ते त्याच्या कितीतरी आधी गोठते. ‘जास्त घाला, बरे असते’ हे इथे चालत नाही. काच धुण्याच्या टाकीत साधे पाणी राहिले तर टाकी फुटते. त्यासाठी उणे 40 चे निळे पाणी मिळते, पण त्यात मिथेनॉल असते, लहान मुलांच्या हाताशी ठेवू नये. आणि काचेवर बर्फ जमला म्हणून आंघोळीचे गरम पाणी ओतायचा मोह आपल्या लोकांना हमखास होतो. काच तडकते! खरवडणी घ्यावी, दहा मिनिटे खरवडावे. टपावरचा बर्फही काढावा, नाहीतर पहिल्या ब्रेकला तो सगळा पुढच्या काचेवर येऊन बसतो.

चालवण्याचे शिक्षण मला शेजारच्या आजोबांनी दिले. युक्रेनी वंशाचे, सत्तरी ओलांडलेले. विनिपेगमध्ये ही मंडळी पुष्कळ. रविवारी सकाळी ते मला एका दुकानाच्या मोकळ्या पार्किंगमध्ये घेऊन गेले आणि म्हणाले, आता गाडी मुद्दाम घसरव. तासभर मी तेच केले. गाडी घसरते तेव्हा पोटात काय होते, हे एकदा कळले की रस्त्यावर हात कापत नाहीत. त्यांनी शिकवले ते असे: पाय अॅक्सिलरेटरवरून काढ, आणि जिथे जायचे तिकडे बघ, खांबाकडे बघशील तर खांबावर जाशील. हात नजरेमागे जातात. एबीएस असेल तर ब्रेक घट्ट दाबून ठेव. पायाखाली खडखड होते ती बिघाड नव्हे, ते त्याचे काम. पुढच्या गाडीपासून आठ-दहा सेकंदांचे अंतर. क्रूझ कंट्रोल बंद. फोर व्हील ड्राइव्हचा भरवसा धरणाऱ्यांवर ते हसत. ती गाडी पुढे लवकर जाते, पण थांबायला तिलाही इतरांइतकीच जागा लागते.

सगळ्यात फसवा तो ब्लॅक आइस. तो काळा नसतो, पारदर्शक असतो, म्हणून खालचा डांबराचा रंग दिसतो आणि रस्ता नुसता ओला वाटतो. पुलावर तो आधी जमतो, कारण पुलाला वरून आणि खालून दोन्हीकडून वारा लागतो. कडक थंडीत सिग्नलजवळही जमतो, थांबलेल्या गाड्यांच्या धुरातली वाफ रस्त्यावर गोठून. आणि ऐकणाऱ्याला खोटे वाटेल, पण बर्फ जास्त घसरडा असतो तो उणे 30 ला नव्हे, तर शून्याच्या जवळपास. म्हणून मुलांनी जानेवारीइतकेच नोव्हेंबर आणि मार्चला घाबरावे. मीठही साधारण उणे दहापर्यंतच नीट काम करते. त्याखाली नगरपालिका वाळू टाकते.

शहराबाहेर वेगळाच प्रकार. विनिपेग ते ब्रँडन हा दोनशेहून अधिक किलोमीटरचा रस्ता सपाट, झाड नाही की टेकडी नाही. वरून बर्फ पडत नसतानाही वारा सुटला की जमिनीवरचा भुसभुशीत बर्फ उडून समोर पांढरा पडदा उभा राहतो. अशा वेळी अप्पर दिवा लावला तर प्रकाश उलटा डोळ्यांवर येतो, डिपर ठेवावा. 2021 च्या आधीच्या पुष्कळ गाड्यांत दिवसा पुढचे दिवे आपोआप लागतात, मागचे नाही, म्हणून दिव्याचे बटन हाताने फिरवावे. मागून येणारा आपल्याला बघेल तरच वाचवेल. महामार्ग बंद केल्याची सूचना असेल तर निघूच नये, मग परीक्षा असो की कोणाच्या घरची सत्यनारायणाची पूजा.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते. घसरून आपटणारी गाडी सगळ्यांना दिसते; अडकून उभी राहिलेली गाडी किती जीवघेणी असते ते लक्षात येत नाही. जानेवारी 2022 मध्ये पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या ठिकाणी बर्फ बघायला गेलेल्या पर्यटकांच्या हजारो गाड्या अडकल्या, आणि वीसहून अधिक माणसे, त्यात मुलेही, बसल्या जागी गेली. केवळ थंडी नव्हे, गाडीत साचलेला कार्बन मोनॉक्साइड हे कारण पुढे आले. बर्फाने सायलेन्सरचे तोंड बुजते, हीटरसाठी इंजिन चालू असते, धूर आत येतो. त्याला ना रंग ना वास. झोप आल्यासारखे वाटते, एवढेच. म्हणून अडकलो तर आधी उतरून सायलेन्सर मोकळा करायचा, आणि पुन:पुन्हा करायचा. इंजिन तासाला दहाच मिनिटे, वाऱ्याच्या उलट्या बाजूची काच बोटभर उघडी ठेवून. दिवे दिसत असले तरी चालत निघायचे नाही. गाडी सापडते, माणूस सापडत नाही. बंद गॅरेजमध्ये गाडी तापवत ठेवणे तर कधीच नको.

डिकीत फावडे, पोतेभर वाळू, जंपर केबल, दोन घोंगड्या, बूट, बॅटरी, मोबाइलचा चार्जर ठेवावा. टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नये. खायला चिक्की, खजूर. एकाच्या आईने प्रेमाने कुंद्याचा डबा गाडीत ठेवायला सांगितला होता. उणे 25 ला त्याची वीट झाली, चमचा वाकला.

आता हे वाचून कोणी म्हणेल, आम्हाला कुठे कॅनडाला जायचे आहे. पण हल्ली बेळगावहूनही स्वतःच्या गाडीने मनालीला जाणारे भेटतात. 2020 साली अटल बोगदा झाल्यापासून भर डिसेंबरात लाहौलमध्ये उतरता येते, आणि 2024 च्या डिसेंबरात सोलंग ते बोगदा या पट्ट्यात शेकडो गाड्या अडकल्याही. तिथे आपले टायर म्हणजे गुळगुळीत चप्पलच. बर्फ असेल तर गाडी मनालीत ठेवून तिथलाच चालक घ्यावा. मैदानी पंपावरचे डिझेल कडक थंडीत मेणासारखे साकळते, म्हणूनच 2019 मध्ये लडाखसाठी वेगळे हिवाळी डिझेल आणावे लागले. आणि चाकांच्या साखळ्या नेणारच असाल, तर इथे अंगणात दोनदा चढवून-उतरवून पाहा. तिथे बोटे बधिर झालेली असताना त्यांचा गुंता सुटत नाही.