वारसाहक्काची वकिली: समज आणि वस्तुस्थिती

मृत्युपत्राचा ठरावीक मजकूर घ्यायचा, नावं भरायची, सह्या घ्यायच्या. वारसाहक्काची वकिली म्हणजे एवढंच, असं नुकतीच सनद मिळालेल्या अनेकांना वाटतं. म्हणून या कामाला कमी लेखलं जातं. मला हे मुळीच पटत नाही.

सर्वांत चिवट गैरसमज नॉमिनीचा. ‘फ्लॅटला धाकट्याचं नाव लावलंय, आता काळजी नाही,’ असं म्हणत पक्षकार येतात. सोसायटीतला नॉमिनी मालक होत नाही. वारस ठरेपर्यंत त्याला तात्पुरतं सभासदत्व मिळतं. शेअर्सच्या नॉमिनीलाही मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये स्पष्ट केलं. विम्यात मात्र जोडीदार, मुलं किंवा आईवडील नॉमिनी असतील तर 2015 पासून नियम वेगळा आहे. हे बारकावे ज्याला ठाऊक, तोच इथला वकील.

‘मृत्युपत्र नसलं तरी सगळं बायकोलाच जाईल’ हाही असाच समज. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला, तर त्याच्या मालमत्तेत पत्नी आणि मुलगे-मुलींबरोबर हयात आईचाही समान वाटा असतो. म्हणून ‘आई आहेत का?’ हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारावा लागतो. गोव्यात तर नियमच निराळे: मुलं असतील तर साधारणपणे स्वतःच्या निम्म्याच हिश्श्याचं मृत्युपत्र करता येतं.

स्टॅम्पपेपर आणि नोंदणीशिवाय मृत्युपत्र चालत नाही, असं लोक ठामपणे सांगतात. कायद्याला दोन्ही लागत नाहीत. लागतात दोन साक्षीदार. मृत्युपत्र करणाऱ्याने सही केल्याचं त्यांनी पाहिलेलं असावं किंवा ती आपली असल्याचं त्याने त्यांना सांगितलेलं असावं, आणि त्यांनी त्याच्यासमोर सही केलेली असावी. पुढे मृत्युपत्र सिद्ध करताना, साक्षीदार हयात असतील तर निदान एकाला कोर्टात उभं करावं लागतं. ऐंशी वर्षांच्या आजोबांच्या मृत्युपत्रावर त्यांच्याच वयाच्या मित्राची सही घेणं म्हणूनच धोक्याचं.

हे काम फक्त श्रीमंतांचं, असंही नाही. भांडणं दोन खोल्यांच्या घरावरून आणि पाच गुंठ्यांवरूनही होतात.

या शाखेत यायचं असेल, तर आधी सातबारा, फेरफार आणि शेअर सर्टिफिकेट नीट वाचायला शिका. मृत्युपत्राच्या साक्षीदाराची उलटतपासणी दिवाणी न्यायालयात बसून ऐका. मसुदा लिहायला त्यानंतर घ्या.