दोन सिमचा फोन आणि एक पेटंट

दोन सिमकार्डांचा मोबाइल सोलापूर जिल्ह्यात चैनीचा नव्हे, गरजेचा होता. सोलापूर महाराष्ट्र सर्कलमध्ये, तर शेजारचे विजयपूर आणि कलबुर्गी कर्नाटक सर्कलमध्ये. अक्कलकोटच्या पुढे सीमा ओलांडली की रोमिंगचे दर लागत. सोयरीक आणि व्यापार दोन्हीकडे असलेल्यांना दोन नंबर ठेवावेच लागत.

अशा बहुतेक स्वस्त फोनमध्ये सिमचे खाचे दोन असले, तरी रेडिओ एकच असतो. फोन नुसता पडून असताना टॉवर त्याला सतत साद घालत नाही. जीएसएम जाळ्यात ही साद साधारण अर्धा ते दोन सेकंदांच्या अंतराने येते. मधल्या रिकाम्या वेळात तोच रेडिओ दुसऱ्या कंपनीच्या टॉवरकडे कान लावतो. एका सिमवर बोलणे सुरू झाले की मात्र दुसरा नंबर ‘संपर्कक्षेत्राबाहेर’ जातो.

एकाच फोनमध्ये अनेक सिम वापरण्याच्या कल्पनेवर मदुराईचे एस. रामकुमार यांनी 2002 मध्ये भारतात पेटंटसाठी अर्ज केला. वास्तविक फिनलंडच्या बेनेफोन कंपनीचा दोन सिमचा ‘ट्विन’ फोन 2000 मध्येच आला होता. तरीही 2008 मध्ये पेटंट क्रमांक 214388 मंजूर झाले. त्याच्या आधारे कस्टम्सकडे तक्रारी गेल्या आणि आयात होणाऱ्या दोन सिमच्या फोनचा माल अडकू लागला. 2007 च्या नियमांनी कस्टम्सला तसा अधिकार दिला होता. पण एखादी रचना खरोखर नवी आहे का, हे पारखणे कस्टम्स अधिकाऱ्याच्या आवाक्यातले काम नव्हे. हा अधिकार त्यांना देणेच चुकीचे होते.

स्पाइस, सॅमसंग अशा कंपन्यांनी पेटंटला आव्हान दिले आणि 2012 मध्ये बौद्धिक संपदा अपील मंडळाने ते रद्द केले. पेटंट कायद्याचे कलम 13 स्पष्ट सांगते, की मंजुरी म्हणजे वैधतेची हमी नव्हे. नावीन्य आणि संशोधनाची पायरी या कसोट्या मंजुरीनंतरही लागू राहतात. 2018 मध्ये कस्टम्सच्या त्या नियमांतून पेटंट वगळण्यात आले.

चुकीचे पेटंट मुळातच रोखण्याचा मार्ग कलम 25 मध्ये आहे. अर्ज प्रसिद्ध झाल्यापासून पेटंट मंजूर होईपर्यंत कोणीही विरोध नोंदवू शकतो. त्यासाठी कंपनी असावे लागत नाही. जुने तंत्र नव्या नावाने अर्जात दिसले, तर अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी आणि प्राध्यापकांनी हा अधिकार जरूर वापरावा.