इंजिनानं हवा धरली

रावेर-यावलच्या केळीबागांत विजेचे पंप रुळण्याआधी विहिरीवर डिझेल इंजिन धडधडायचं. टाकी एकदा कोरडी पडली की पुन्हा डिझेल भरूनही ते सुरू होईना. हँडल मारून दंड भरून येत. ‘इंजिनानं हवा धरली’, असं म्हणायचे.

निदान अचूक होतं. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमध्ये दाबलेली हवा इतकी तापते की फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. पण हा फवारा उडवायला नोझलपाशी वातावरणाच्या दीडशे-दोनशे पट दाब लागतो. द्रव जवळजवळ दबतच नाही, म्हणून पंपाचा धक्का थेट नोझलपर्यंत पोचतो. नळीत बुडबुडा असला तर तोच आवळतो, फुलतो आणि सगळा धक्का गिळून टाकतो.

मग हवा काढायला फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा. फेस संपून डिझेलची अखंड धार आली की आवळायचा. पुढे पंप, शेवटी नोझलचा नट. टाकीकडून नोझलकडे, हा क्रम चुकवू नये.

हेच दुखणं समुद्रातही. गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली. अशा नौकेवरही डिझेल इंजिन असतं, बंदरात शिरायला आणि बॅटऱ्या चार्ज करायला. नौका कलली की अर्धी टाकी डचमळते, तळाचा गाळ उठतो, इंधननळीचं तोंड उघडं पडून हवा आत शिरते. शिवाय रिकाम्या जागेतल्या दमट हवेतून पाणी सुटून डिझेलमध्ये उतरतं. म्हणून टाकी भरलेली ठेवतात, विहिरीवर काय आणि नौकेवर काय.