वीस मिनिटांची काचनळी

गोंदियाहून जबलपूरकडे जाताना बालाघाट मागे पडलं की लामत्यापर्यंत धानाच्या बांध्या आणि रान सोबतीला असतात. रोवणीचे दिवस म्हणजे सापांचेही दिवस. धुऱ्याच्या गवतातली घोणस चावली, तर तिने विष सोडलं की नुसतेच दात लावले? कारण दर दंशात विष उतरतंच असं नाही.

ते ओळखायला मोठी यंत्रं लागत नाहीत. इथे लागते एक कोरी, कोरडी काचनळी. शिरेतलं दोन मिलिलिटर रक्त त्यात घालायचं, वीस मिनिटं हात लावायचा नाही, मग नळी एकदाच आडवी करायची. रक्त गोठलं नसेल, पातळच वाहिलं, तर विषाने आत काम सुरू केलंय.

गंमत अशी की घोणशीचं विष रक्त पातळ करत नाही, उलट गोठवतं! रक्त गोठवणाऱ्या साखळीतल्या दहाव्या आणि पाचव्या घटकांना ते थेट चेतवतं. अंगभर सूक्ष्म गुठळ्यांचा सपाटा सुरू होतो आणि लग्नाचा सगळा शिधा पहिल्याच पंगतीत संपावा तसं गुठळीला लागणारं फायब्रिनोजेन संपतं. मग हिरड्यांतून, दंशाच्या जागेतून, कधी मेंदूतही रक्त झिरपतं, मूत्रपिंडं थकतात.

आणि नळी काचेचीच का? काचेचा पृष्ठभाग बाराव्या घटकाला जागा करतो. प्लास्टिक तसं करत नाही. साबणाने धुतलेली नळीही फसवते. इतकी साधी चाचणी, पण साबणाच्या एका थेंबाने तिचा निकाल उलटतो, हे मला विलक्षण वाटतं.

प्रतिसर्पविष दिल्यावर सहा तासांनी पुन्हा नळी भरतात, कारण हरवलेले घटक नव्याने बनवायला यकृताला साधारण तेवढा वेळ लागतो. तोवरही रक्त गोठत नसेल, तर औषधाचा पुढचा डोस.

पहिली नळी गोठली म्हणून मात्र सुटलो असं नाही. विष सावकाशही पसरतं, म्हणून चाचणी पुन्हा पुन्हा करतात. शिवाय नाग आणि मण्यार नसांवर घाला घालतात. त्यांच्या दंशात रक्त नीट गोठतं आणि तरी श्वास थांबू शकतो. तिथे पापण्या जड होताहेत का, ते बघायचं.

2000 ते 2019 या काळात भारतात दरवर्षी सरासरी सुमारे 58,000 माणसं सर्पदंशाने गेली, बहुतेक खेड्यांत. तेव्हा पाय करकचून बांधू नका, चिरा देऊ नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. 108 लावा आणि दवाखाना गाठा.