एक संगणक, दोन प्रणाली आणि फायलींचा सामायिक कप्पा

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित पाठबळ थांबवले आणि विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आवश्यक ठरवली, त्यामुळे यंत्र म्हणून धडधाकट असलेले असंख्य संगणक एकाएकी जुने ठरले. अशा संगणकांवर लिनक्स ही मोफत प्रणाली बसवण्याचा मार्ग खुला असला, तरी विंडोज पूर्णपणे सोडून देणे अनेकांना परवडत नाही. तुळजापुरात ही अडचण सहज समजते. तेथे मंदिर संस्थानाने उभे केलेले अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा १९८६ पासूनचा परिसर आहे, आणि देवीच्या दर्शनाला येणाऱ्या कुटुंबांचे फोटो व गोंधळाचे चित्रीकरण हे स्टुडिओवाल्यांचे नित्याचे काम आहे. विद्यार्थ्याला प्रोग्रॅमिंगसाठी लिनक्स सोयीचे वाटते, तर डीटीपीचे काम आणि बोटांचे ठसे घेणारी यंत्रे बहुधा विंडोजवरच सुरळीत चालतात. म्हणून एकाच डिस्कवर दोन्ही प्रणाली ठेवून, संगणक सुरू होताना त्यांपैकी एक निवडण्याची पद्धत रूढ झाली असून तिला ड्युअल बूट म्हणतात.

या पद्धतीत एका वेळी एकच प्रणाली जागी असते आणि दुसरीच्या फायली डिस्कवर निपचित पडून असतात. त्या वाचता येतील की नाही, हे फाइल सिस्टीमवर, म्हणजे डिस्कवर कोणती फाइल कोठे आहे याची नोंद ठेवण्याच्या पद्धतीवर अवलंबून असते. विंडोजची एनटीएफएस ही पद्धत १९९३ पासून वापरात आहे, तर लिनक्समध्ये सामान्यतः ईएक्सटी४ वापरली जाते. लिनक्सला एनटीएफएस वाचता आणि लिहिता येते. विंडोजला मात्र ईएक्सटी४ स्वतःहून ओळखता येत नाही आणि असा विभाग दिसताच ते तो फॉरमॅट करण्याची सूचना पुढे करते. ती घाईने मान्य केली, तर लिनक्समधील सारा मजकूर हातचा जातो.

याहून फसवा प्रकार ‘फास्ट स्टार्टअप’चा आहे. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, ‘शट डाऊन’ केल्यावर विंडोज पूर्ण बंद होतेच असे नाही. प्रणालीचा गाभा ज्या स्थितीत असेल ती स्थिती डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तीच उचलून संगणक लवकर सुरू केला जातो. याचा अर्थ असा की विंडोजच्या लेखी एनटीएफएस विभाग अजून उघडाच असतो. या अवस्थेत लिनक्सने तेथे काही लिहिले आणि मग विंडोजने आपल्या जुन्या स्मृतीनुसार काम पुढे चालू केले, तर दोघांच्या नोंदी एकमेकींशी जुळत नाहीत आणि फायली नाहीशा होतात किंवा खराब होतात. म्हणूनच लिनक्स असा विभाग केवळ वाचण्यापुरता उघडते किंवा उघडण्यासच नकार देते. हा नकार म्हणजे बिघाड नव्हे, सावधगिरी आहे, आणि बळजबरीची आज्ञा देऊन तो मोडून काढण्याचे जे सल्ले सर्रास दिले जातात ते धोक्याचे आहेत. पॉवर पर्यायांत जाऊन फास्ट स्टार्टअप कायमचे बंद करणे हाच खरा उपाय होय. तोवर ‘शट डाऊन’ऐवजी ‘रीस्टार्ट’ निवडले तरी चालते, कारण त्यात विंडोज पूर्णपणे बंद होऊनच पुन्हा सुरू होते.

दोन्ही प्रणालींच्या आपापल्या विभागांना हात न लावता तिसरा, केवळ दस्तऐवज, फोटो आणि चित्रफितींसाठीचा विभाग करावा, ही व्यवस्था सर्वांत निर्धोक ठरते. तो विभाग कोणत्या पद्धतीचा असावा, याबाबत मात्र मतभेद आढळतात. जुनी फॅट३२ सर्वत्र चालते, पण तिच्यात एका फाइलचा आकार ४ जीबीपर्यंतही जाऊ शकत नाही, त्यामुळे लग्नाच्या किंवा गोंधळाच्या अखंड चित्रीकरणासाठी ती निरुपयोगी आहे. एक्सफॅटला ही मर्यादा नाही, शिवाय मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये तिचा तपशील खुला केल्यावर लिनक्सच्या गाभ्यातही तिची सोय झाली. तरीही संगणकातल्या डिस्कसाठी एनटीएफएसच बरी. व्यापारी जसा रोजकीर्दीत नोंद ठेवतो, तशी एनटीएफएस आपल्या फेरफारांची नोंद आधी करते, म्हणून मध्येच वीज गेली तर डिस्कची रचना सावरण्याची शक्यता राहते. एक्सफॅटमध्ये अशी रोजकीर्द नाही. वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसलेल्या तालुक्याच्या गावात हा फरक कागदावरचा राहत नाही. एक्सफॅट पेनड्राइव्हसाठी ठेवावी. लिनक्सचे प्रोग्रॅम किंवा होम फोल्डर मात्र एनटीएफएसवर हलवू नयेत, कारण दोन्ही प्रणालींतील परवानग्यांची रचना वेगळी आहे.

मराठी वापरकर्त्याच्या वाट्याला काही खास अडचणी येतात. ईएक्सटी४ मध्ये फाइलचे नाव २५५ बाइटांपर्यंतच असू शकते आणि देवनागरीतील प्रत्येक चिन्ह, मग ते काना-मात्रा असो वा हलन्त, तीन बाइट व्यापते. ‘तुळजापूर’ हा पाच अक्षरी दिसणारा शब्द आठ चिन्हांचा, म्हणजे २४ बाइटांचा असतो आणि एकट्या ‘श्री’ला १२ बाइट लागतात. परिणामी ८५ चिन्हांपलीकडचे नाव एनटीएफएसमध्ये बिनतक्रार चालते, पण लिनक्सच्या विभागात त्याची प्रत होत नाही. उलट लिनक्समध्ये नावात विसर्गासारखे दिसणारे अपूर्णविरामाचे चिन्ह घातले, तर विंडोजला ती फाइल उघडता येत नाही. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉण्टमध्ये टंकलेल्या मजकुराचे दुखणे आणखी वेगळे आहे: फाइल सुखरूप पोहोचते, पण तो फॉण्ट नसेल तर पडद्यावर रोमन अक्षरांचा गोंधळ उमटतो. अशा मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करण्यावाचून गत्यंतर नाही.

घड्याळाचेही तसेच. विंडोज यंत्रातील घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवते आणि लिनक्स ते जागतिक वेळेवर आहे असे मानते, त्यामुळे प्रणाली बदलताच वेळ साडेपाच तास पुढे-मागे होते, फायलींवर चुकीच्या वेळा पडतात आणि नवी प्रत कोणती, जुनी कोणती, हे उमगेनासे होते. लिनक्सला स्थानिक वेळ पाळण्याची आज्ञा एकदा दिली की हा प्रश्न मिटतो.

विभागणीला हात घालण्यापूर्वी सर्व फायलींची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी आणि विंडोजमध्ये बिटलॉकर हे कुलूप चालू आहे का ते तपासावे. चालू असल्यास त्याची ४८ अंकी रिकव्हरी-की कागदावर उतरवून ठेवावी. दुसरी प्रणाली बसवल्यानंतर विंडोज ती विचारू शकते आणि ती नसेल तर त्या विभागातील फायली कोणत्याच प्रणालीतून उघडत नाहीत.