मैदान हेच अनुदान : मुंबईचे क्रिकेट आणि शासन

भारतात क्रिकेटला शासन पैसा देत नाही, असे नेहमी म्हटले जाते आणि कागदोपत्री ते बरेचसे खरे आहे. १९२८ साली स्थापन झालेले भारतीय क्रिकेट नियामक मंडळ केंद्राच्या अनुदानावर चालत नाही. २०१८ पासून भरविण्यात आलेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धांत कबड्डी आणि खो-खो आहेत, क्रिकेट नाही. तथापि शाळकरी मुलगा ज्या जमिनीवर पहिल्यांदा खेळतो ती कोणाची, असे विचारले की हे चित्र पालटते.

मुंबईत हा प्रश्न जुना आहे. १८८०च्या दशकात एस्प्लनेडच्या मैदानावर युरोपीय मंडळी पोलो खेळत आणि घोड्यांच्या टापांनी एतद्देशीयांच्या खेळाची जागा उखडून निघे. पारशी खेळाडूंनी सरकारकडे अर्ज केले. वाद बराच काळ चालला. पुढे समुद्रालगतच्या जागेवर पारशी, इस्लाम आणि हिंदू जिमखान्यांना भूखंड देण्यात आले. वाटप जमातवार झाले, हा त्या काळाच्या राज्यकारभाराचा ठसा होय. परंतु साहाय्याचे रूप तेव्हाच ठरून गेले : रोकड नव्हे, जमीन.

आझाद मैदान, क्रॉस मैदान आणि ओव्हल या सार्वजनिक जागांवर आजही तीच व्यवस्था दिसते. एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या खेळपट्टीजवळ उभा असतो. क्लबची मालमत्ता म्हणजे बहुधा एक तंबू, एक रोलर आणि माळ्याचे कसब. १९४८ पासून कांगा लीगचे सामने भर पावसाळ्यात याच मातीत खेळले गेले. १९८८ साली हॅरिस शील्डमध्ये सचिन तेंडुलकर व विनोद कांबळी यांची ६६४ धावांची भागीदारी झाली, तीही आझाद मैदानावर. दक्षिण मुंबईतील जमिनीचे बाजारभावाने भाडे भरावे लागले असते, तर यातील किती क्लब एक हंगाम तरी तगले असते?

हे साहाय्य अर्थसंकल्पात अनुदान म्हणून दिसत नाही. म्हणून ते घटले तरी त्याची नोंद होत नाही. मेट्रो-३च्या बांधकामासाठी आझाद मैदानाचा काही भाग व्यापला गेला, तेव्हा कोणत्याही क्रीडा-तरतुदीत कपात झाली नाही. झाली ती खेळाच्या जागेत. रोख तरतूद तरी निश्चित असते असे नाही, हे मात्र मान्य केले पाहिजे. ब्रिटिश सरकारने एप्रिल २०२४ मध्ये शालेय व स्थानिक क्रिकेटसाठी साडेतीन कोटी पौंडांची घोषणा केली. सत्तांतरानंतर ती योजना मूळ स्वरूपात राबविली गेली नाही. घोषणा झालेली असल्याने तिथे निदान जाब विचारता आला.

न्यायालयीन निर्णयांतही पैशाचा मुद्दा महत्त्वाचा ठरला. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने मंडळ हे घटनेच्या बाराव्या अनुच्छेदानुसार ‘राज्य’ नाही, असे ठरविले. शासकीय अर्थसाहाय्याचा अभाव हे त्यामागील एक कारण होते. २०१५ मध्ये त्याच न्यायालयाने मंडळाचे कार्य सार्वजनिक स्वरूपाचे असल्याचे मान्य केले. २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने माहितीचा अधिकार मात्र शासकीय अनुदान वा साहाय्य घेणाऱ्या संस्थांपुरता मर्यादित ठेवला आहे. नाममात्र भाड्याने मिळालेली सार्वजनिक जमीन या अर्थी ‘साहाय्य’ मानायची की नाही, यावर क्रिकेट संघटनांचे हिशेब नागरिकांना किती पाहता येतील हे अवलंबून राहील.